पाच नंबरांचा जयराम

"मॅडम, तेवढा माझा आजार वाढवून द्या."

हे वाक्य मी बोईसरच्या आमच्या विमा कार्यालयात खिडकी नंबर दोनच्या आत बसून इतक्या वेळा ऐकलंय, की घरी कुणी भाजी वाढायला सांगितली तरी माझा हात आधी फॉर्मकडे जायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. समोरचा माणूस बिचारा गंभीर होता. त्याला आजार नको होता, आजारपणाच्या भत्त्याची मुदत वाढवून हवी होती. पण एवढं लांबलचक कोण बोलणार? मागे तीस माणसं उभी, पुढे मी, मध्ये हातभर काच आणि त्या काचेला आवाज जायला एक भोक. त्या भोकातून जेवढं जाईल तेवढंच माणूस बोलतो.

बाहेरच्यांसाठी आमचा धंदा दोन वाक्यांत सांगते. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला थोडी वर्गणी कापली जाते, मालक त्यात त्याची भर घालतो, आणि कामगार आजारी पडला की त्याला दवाखाना आणि वर्षाकाठी एक्याण्णव दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. आजार साधा नसून मोठा असेल, म्हणजे टीबी, कॅन्सर, किडनी अशा चौतीस आजारांच्या यादीतला असेल, तर भत्ता ऐंशी टक्के होतो आणि दोन वर्षांपर्यंत वाढतो. मात्र त्यासाठी माणसाची किमान दोन वर्षांची नोकरी आणि त्यातली वर्गणी कागदावर दिसली पाहिजे. दिसली पाहिजे, हा शब्द लक्षात ठेवा. आमच्याकडे घडलेल्या गोष्टीला किंमत नसते, दिसलेल्या गोष्टीला असते.

मी मूळची माहीमची, मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या; पानमळेवाल्यांच्या घरातली. स्कूटीवरून बोईसरला जायची. वाटेत तारापूरच्या कारखान्यांचा वास सुरू झाला की घड्याळ न बघता कळायचं, अजून दहा मिनिटं. तो वास आमच्या फायलींनाही होता. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण माझ्या एका शालीचा वास अजून गेलेला नाही.

खिडकीवर माणसं फार मजेची येत. एक जण दर वर्षी लग्नसराईत कावीळ घेऊन यायचा. एकाने बायकोच्या बाळंतपणात स्वतःचं पोट दुखत असल्याचा दाखला आणला होता, आणि मला वाटतं त्याचं खरंच दुखत असावं. एक कोळीवाड्यातला तरुण कंबरेच्या दुखण्याने महिनाभर रजेवर होता. त्याला उठता येत नाही, बसता येत नाही, अशी त्याची आई खिडकीवर येऊन रडून गेली होती. रविवारी मी सातपाटीच्या बंदरावर मासळी घ्यायला गेले तर हा पठ्ठ्या होडी ओढायला सगळ्यांच्या पुढे. माझी नजर पडताच त्याने डोक्यावरची टोपली तोंडावर घेतली आणि तसाच उभा राहिला. मला टोपली दिसत होती आणि टोपलीखाली ताठ उभी कंबर दिसत होती. मी पापलेट घेतलं, निघून आले.

सोमवारी तो खिडकीवर हजर. हातात बरं झाल्याचा दाखला आणि पिशवीत सुके बोंबील.

"मॅडम, अचानक बरं वाटलं," तो म्हणाला.

"समुद्राची हवा चांगली असते," मी म्हटलं.

बोंबील मात्र घेतले नाहीत. सरकारी नोकर होते ना! इतके जाड, पांढरेशुभ्र बोंबील मी पुन्हा पाहिले नाहीत आणि त्यांची हळहळ मला आजही वाटते.

असो. मला सांगायची आहे ती जयराम वरठाची गोष्ट, आणि ती सांगायची तर आधी माझ्या फुशारकीबद्दल सांगावं लागेल.

माझी खिडकी कार्यालयातली सगळ्यात वेगवान खिडकी होती. शेजारच्या खिडकीवर रांग दारापर्यंत जायची, माझ्याकडे चारपाच माणसं. कामगार एकमेकांना सांगायचे, "दो नंबर पे जा, मैडम फटाफट निपटाती है." मला त्याचा भलता अभिमान होता. त्या वेगाचं एक गुपित होतं, ते आज उघड करते.

आमच्याकडची जंगलपट्टीतली माणसं, म्हणजे मनोरच्या पलीकडची, डोंगरातल्या पाड्यांवरची, वर्षातले नऊदहा महिने कारखान्यात कंत्राटी कामाला असतात आणि भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, घरी जातात. कुणी कितीही सांगो, आवणीला जातातच. एवढीशी जमीन, पण ती लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ती गेली की ठेकेदार त्यांचं नाव काढून टाकतो. परत आली की कधी तोच ठेकेदार, कधी दुसरा, नव्याने नाव घालतो. आता खरं म्हणजे विम्याचा नंबर माणसाला जन्मात एकदाच मिळायचा. नोकरी बदलली तरी नंबर तोच. पण जुना नंबर आधीच्या ठेकेदाराने बंद दाखवलेला असायचा, तो पुन्हा चालू करायला चार फॉर्म आणि चार खेपा, आणि नवा काढायला चार मिनिटं. आधार जोडायची सक्ती व्हायच्या आधी तर कुणी विचारतही नव्हतं. माणूस जुनं कार्ड घेऊन खिडकीवर आला, की मी कार्ड उलटं करायची, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची, 'नवीन काढणे', खाली माझी सही, आणि म्हणायची, "मुकादमाला दाखव. पुढचा!"

माणूस खूश, मुकादम खूश, मी खूश. रांग संपलेली.

जयराम आला तो एका बुधवारी. आला म्हणजे त्याला आणला. कंबरेला पट्टा, एका बाजूने मुकादमाने धरलेला, दुसऱ्या बाजूने बायकोने. आमच्या बाकावर तो बसू शकत नव्हता, आडवाच झाला. बाकावरची माणसं न सांगता उठली. वय चाळिशीच्या आतलं. डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, कारखान्यात गोण्या उचलायचं काम. पाठीच्या मणक्याला टीबी झाला होता. टीबी म्हटलं की लोकांना फक्त खोकला आठवतो, पण तो हाडातही शिरतो.

खिडकीवर बायको आली, मंजुळा. लहान चणीची, काळीसावळी, पदर खोचलेला. जंगलपट्टीत अहोजाहो नसतं, तिथली बाई कलेक्टरलाही 'तू'च म्हणते. तिने कागद आत सरकवले.

"बाई, दागदर बोलला का वरीसभर झोपून ऱ्हा. गोणी उचलली तर पाय जातील. मग परत नाय येत."

"कुणाचे पाय?" घाईत मी विचारलं.

"माझं नाय, ह्याचं," ती म्हणाली आणि बाकाकडे बोट केलं.

मी कॉम्प्युटरवर नंबर टाकला. एक्याण्णव दिवसांतले शेवटचे चार उरले होते, रविवारी संपणार. आजार यादीतला, डॉक्टरांचे कागद चोख. आणि नोकरी? अकरा महिने. दोन वर्षं हवीत, दिसत होते अकरा महिने.

"मंजुळा, हा कामाला कधीपासून आहे?"

"लगीन झालं तवापासून. आठ पावसाळं झालं."

"इथे अकरा महिनेच दिसतात."

ती काचेच्या अगदी जवळ आली. "तुज्या डब्यात अकरा म्हयनं हायत, माज्या घरात आठ वरसां हायत. खोटा कोन?"

मागून मुकादम बोलला, "मॅडम, मी याची जागा सोमवारपर्यंतच धरू शकतो. वरून दबाव आहे. भत्ता वाढत नसेल तर सोमवारी हजर व्हायला लागेल, हलकं काम बघू."

हलकं काम म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पन्नास किलोच्या गोणीऐवजी पंचवीसची. बाकावरून जयराम म्हणाला, "मी येतो सोमवारी. पट्टा बांदून येतो." आणि तो येणार होता, हे त्याच्या आवाजावरून स्पष्ट होतं. घरात म्हातारी आई, मुलगी शाळेत, तो येणारच होता.

मी नावावरून शोध घेतला. कॉम्प्युटरने डझनभर जयराम वरठा समोर उभे केले. जन्मतारखेवरून निवडावं तर निम्म्यांची एक जून. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लावत, त्यामुळे अख्खी जंगलपट्टी एकाच दिवशी जन्मलेली आहे. यातला आपला जयराम कुठला आणि परका कुठला, कसं ओळखणार?

"जुनी कार्डं आहेत का?" मी विचारलं.

"हायत. समदी हायत," मंजुळा म्हणाली, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिला चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती पाड्यावर जाऊन कार्डं घेऊन आली. खताच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, पाच कागदी कार्डं. पाच! म्हणजे आठ वर्षांत जयरामचे पाच नंबर. मी पहिलं कार्ड उघडलं आणि काचेपलीकडची मंजुळा मला कार्डातून दिसली.

कार्डाला भोक होतं. चौकोनी, व्यवस्थित कात्रीने कापलेलं. दुसऱ्याला तसंच. पाचहीना तसंच. या कार्डावर कुटुंबाचा एकत्र फोटो चिकटवायचा असतो आणि त्यावर ठेकेदाराचा गोल शिक्का असा मारायचा असतो की अर्धा फोटोवर येईल, अर्धा कागदावर. फोटो बदलला तर शिक्का जुळणार नाही, अशी ती युक्ती. इथे पाचही कार्डांवर भोकाच्या कडेला अर्धे अर्धे शिक्के उरले होते आणि फोटो गायब.

माझं डोकं फिरलं. "सरकारी कागदाला कात्री लावलीस? अगं, हे कार्ड आता रद्दी झालं!"

मंजुळा जराही बिचकली नाही. "फोटू आमचा हाय. मनोरला जाऊन आमी काडला, पैसं आमी दिलं. तो आमी घेतला. कागूद तुजा. तुजा तुला ठेवला. येक बी फेकला नाय."

हिशोब तर चोख होता. शेजारच्या खिडकीवरचा माझा सहकारी इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले असते, पण तेवढ्यात मी कार्डं उलटी केली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलची अक्षरं होती. 'नवीन काढणे.' खाली माझी सही. जरा पुसट झाली होती, पण माझीच. सहीच्या शेवटी मी एक शेपूट ओढते, ते शेपूटही होतं.

म्हणजे हा माणूस जुनं कार्ड हातात धरून, सरळ मार्गाने, माझ्या खिडकीवर दोनदा आला होता. आणि चार फॉर्म वाचवायला मी त्याची नोकरी दोनदा पुसली होती. मला त्याचा चेहराही आठवत नव्हता. पानमळ्यात लहानपणी विंचू चावला होता, तेव्हासुद्धा मी एवढी गार पडले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात टाकायला जागाच नव्हती.

मी पाचही कार्डं घेऊन तिवारीसाहेबांकडे गेले. तिवारीसाहेब आमचे शाखाप्रमुख, लखनौकडचे. कडक माणूस, पण वाकडा नाही. त्यांनी कार्ड उचललं, भोकातून माझ्याकडे बघितलं.

"मैडम, ये क्या है? खिड़की?"

मी सगळं सांगितलं. पेन्सिलीचं सांगताना अडखळले, पण सांगितलं. त्यांनी कार्ड उलटं करून सही पाहिली आणि ते खाली ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"ये पाँचों एक ही आदमी हैं, ये आप कह रही हैं। मैं मान भी लूँ, ऊपरवाले नहीं मानेंगे। फोटो चाहिए। आधा ठप्पा यहाँ है, आधा कहाँ है?"

मी धावत खिडकीवर आले. "मंजुळा, कापलेले फोटो कुठायत?"

"भितीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

"माज्या घरच्या भितीवर. काचंत."

"उद्या घेऊन ये. उद्या शुक्रवार. शनिवार-रविवार आम्ही बंद, आणि सोमवारी याला गोणी उचलायची आहे. कळलं ना?"

"मला काय सांगतं? मी जाते," ती म्हणाली आणि मी त्या दिवशीही मागवलेला चहा अर्धा टाकून गेली.

शुक्रवारी दुपारचे तीन वाजले तरी तिचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी खिडकीवर काय काम केलं, देव जाणे. एका माणसाचा बाळंतपणाचा फॉर्म भरून दिला, तो म्हणाला, मॅडम, मला गॅसचा त्रास आहे. चारच्या सुमाराला दारात गलका झाला. मंजुळा आत येत होती. लुगड्यात गुंडाळलेली एक फ्रेम तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि रांगेतली माणसं तिला वाट करून देत होती. मनोरहून एसटी मिळाली नव्हती, पालघरपर्यंत दुधाच्या टेम्पोत आणि पुढे शेअर रिक्षात तीन माणसांच्या मध्ये बसून ती आली होती. रिक्षावाल्याने फ्रेमचं वेगळं भाडं मागितलं म्हणून तिचं त्याच्याशी भांडण झालं होतं, आणि राग अजून नाकावर होता.

तिवारीसाहेब स्वतः बाहेर आले. फ्रेम टेबलावर ठेवली. काचेखाली पाच फोटो ओळीने. मी मागचे खिळे काढले, काच उचलली, फोटो सोडवायला नख लावलं. फोटो हलेना.

"खळीनं चिकटवलंत," मंजुळा म्हणाली. "भाताची खळ. नाय सुटनार."

"कैंची लाओ, गत्ते समेत काटते हैं," साहेब म्हणाले.

"कातर नाय!" मंजुळाने दोन्ही हात फोटोंवर पसरले. तीच बाई, जिने आमची पाच कार्डं कापली होती! "मी कापलं, आता तू नाय कापायचं."

सव्वाचार झालेले. फोटो सुटत नाहीत, कापू देत नाही, आणि साडेपाचला कार्यालय बंद. मी टेबलाजवळ उभी राहून त्या भोकांच्या कार्डांकडे नुसती बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की फोटो कार्डात बसवायची गरजच काय? कार्ड फोटोवर बसवू. साहेब त्याला खिडकी म्हणाले होते, ती खिडकीच होती.

मी पहिलं कार्ड उचललं आणि पहिल्या फोटोवर ठेवलं. जरा डावीकडे, जरा वर. भोकात फोटो बरोबर बसला. कागदावरचा अर्धा शिक्का आणि फोटोवरचा अर्धा शिक्का एकमेकांना भिडले आणि ठेकेदाराच्या नावाचं वर्तुळ पूर्ण झालं. "अरे वा," मागे कुणीतरी म्हणालं. रांग मोडून माणसं टेबलाभोवती गोळा झाली होती. मी ओरडले असते, पण त्या दिवशी नाही.

पहिल्या फोटोत जयराम, नवी नवरी मंजुळा आणि म्हातारी आई, तिघांचे डोळे फटाके ऐकल्यासारखे मोठे. दुसऱ्यात मांडीवर तान्ही मुलगी. शिक्का जुळला. तिसऱ्यात तीच मुलगी पायांवर उभी, एका पायात चप्पल, एक गायब. शिक्का जुळला. चौथ्यात मुलगी उंच झालेली आणि मंजुळाच्या कडेवर एक गुटगुटीत मुलगा, टोपडं घातलेला, कॅमेऱ्याकडे न बघता बापाचा कान धरून बसलेला. शिक्का जुळला. पाचव्यात पुन्हा चौघंच.

तिवारीसाहेबांनी पाचवा फोटो पाहिला, चौथा पाहिला. "ये बच्चा?"

"ग्येला," मंजुळा म्हणाली. "तापानं. त्याचा येकच फोटू व्हता, त्यो तुमच्या कार्डावर. म्हून कापला." मग त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "येकटा कसा टांगायचा त्याला? म्हून समदं कापलं. समदी बसली का त्याला बरं वाटंल."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काल मी या बाईवर कात्रीवरून ओरडले होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला, जो अजिबात मळलेला नव्हता.

मग ते एकदम कामाला लागले. अख्खी फ्रेम, वर कार्ड ठेवून, झेरॉक्सच्या काचेवर पाच वेळा उलटी घातली. मंजुळा दर वेळी फ्रेमखाली हात धरून उभी. पाच नंबर एकाच माणसाचे असल्याचा अहवाल मी लिहिला, त्यात नवीन नंबर कुणाच्या सांगण्यावरून निघाले तेही लिहिलं. साहेब म्हणाले, ये लाइन ज़रूरी नहीं है. मी म्हटलं, राहू दे. त्याबद्दल पुढे मला एक लेखी समज मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. साहेबांनी त्याच संध्याकाळी मुकादमाच्या नावे पत्र दिलं, की मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवलेला आहे, या माणसाला कामावर बोलावू नये. मीही मुकादमाला फोन करून तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

सोमवारी जयराम कारखान्याजवळच्या कुंभवलीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत झोपून राहिला. नंबर जोडले गेले, आठ वर्षं दिसू लागली, वैद्यकीय मंडळाने त्याला तपासलं आणि मुदत वाढली. दर महिन्याला दाखला घेऊन मंजुळा यायची. खिडकीशी आली की आधी मला दटावायची, "वाढव आजार, पटकन."

पण पटकन आता व्हायचं नाही. त्या शुक्रवारनंतर मी 'नवीन काढणे' कधी लिहिलं नाही. कुणी म्हणाला, जुनं कार्ड घरी आहे, तर त्याला सांगायची, घेऊन ये, मी थांबते. कुणाला नंबर आठवत नसेल तर त्याचे जुने ठेकेदार, जुने पत्ते, बायकोचं नाव, सगळं विचारत बसायची. माझी रांग दाराबाहेर, पायऱ्यांवरून खाली, वडापावच्या गाडीपर्यंत जायला लागली. कामगार सांगू लागले, "दो नंबर पे मत जा, मैडम जनम-कुंडली पूछती है." निवृत्तीपर्यंत मी सगळ्यात संथ खिडकी म्हणून प्रसिद्ध होते. वडापाववाला मात्र मला फार मान द्यायचा.

तरी रुखरुख आहेच. पेन्सिलीने मी किती पाठींवर ते दोन शब्द लिहिले, ते मला माहीत नाही. त्यातले किती जण एक्याण्णव दिवस संपल्यावर निमूट उठून गोणी उचलायला गेले असतील? त्यांच्या घरी कुणी कात्री लावली नाही, कुणी फ्रेम घेऊन आलं नाही, म्हणून ते मला कधीच दिसले नाहीत. दिवाळीच्या अंकात हे लिहावं की नाही, मी बराच विचार केला. मग वाटलं, समज मिळाली तीही लेखीच होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात रांगेत मंजुळा दिसली, आणि तिच्या मागे, कुणाचाही आधार न घेता, पट्ट्याशिवाय उभा असलेला जयराम. रांग लांब होती, तासभर तो उभा होता. मी बाकावर बस म्हणून खुणावलं, तर मान हलवून नाही म्हणाला. त्याला उभंच राहायचं होतं. खिडकीशी आल्यावर त्याने बरं झाल्याचा दाखला आत सरकवला. कारखान्यात त्याला गेटवर नोंदी ठेवायचं काम मिळालं होतं.

"बाई, तुजी रांग लय वाडली," मंजुळा म्हणाली.

"तुझ्यामुळेच," मी म्हटलं.

एकच नंबर झाल्यामुळे आता नवं कार्ड करायचं होतं, आणि त्यावर कुटुंबाचा नवा फोटो हवा होता. तिने पदरातून पाकीट काढलं. त्यात एकाच फोटोच्या दोन प्रती होत्या. "ह्यो तुजा, ह्यो माजा. आता कातर नाय लागत."

मी फोटो हातात घेतला. मनोरच्या त्याच स्टुडिओतला, मागे तोच निळा पडदा. जयराम, म्हातारी आई, आता चांगली उंच झालेली मुलगी, दोन्ही पायांत चप्पल. आणि मधोमध खुर्चीवर मंजुळा, मांडीवर ती फ्रेम घेऊन. कॉम्प्युटरवर कुटुंबाच्या यादीत चार नावं होती. फोटोत, नीट बघितलं तर, बापाचा कान धरून बसलेला पाचवाही होता.

नियमाप्रमाणे फोटोत हयात माणसंच हवीत. मी फोटो कार्डावर चिकटवला, आमच्या कार्यालयाचा शिक्का उचलला, आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर मारला. फक्त कडेला, खालच्या बाजूला मारला, म्हणजे शाई फ्रेमवर यायला नको.